नव्या ऑफिसात माणसं जोडताना

हिंजवडीत रुजू होऊन तीनच आठवडे झालेत, त्यामुळे एकटं वाटणारच. घाबरू नकोस. सध्या एवढंच कर:

- डबा स्वतःच्या जागेवर बसून खाऊ नकोस. नवखे सगळ्यांत जास्त चुकतात ते इथेच. भाजी पुढे सरकवली की बोलणं आपोआप सुरू होतं.
- नावं लक्षात ठेव, हाउसकीपिंगच्या मावशींचंसुद्धा.
- कुणी आईच्या ऑपरेशनबद्दल बोललं, तर चार दिवसांनी आठवणीने विचार. माझ्या पहिल्या नोकरीत एका सहकाऱ्याने असं विचारलं होतं. आमची मैत्री आजही टिकून आहे.

पगाराच्या चौकशा आणि टपरीवरची कुचाळकी टाळ. ऑफिसच्या गणपतीच्या सजावटीला मात्र संध्याकाळी नक्की थांब. मखराला थर्माकोल नको, पुठ्ठा कापायला बस. टीममधल्या निम्म्या लोकांशी माझी खरी ओळख तिथेच झाली.