गोव्यात पावसाळ्यात चार-पाच दिवस वीज, पाणी आणि रस्ता बंद पडला तर घराची तयारी कशी ठेवावी?

तुम्ही पुण्याहून डिचोली तालुक्यातल्या एका गावात जुन्या कौलारू घरात भाड्याने राहायला आला आहात. घरात दोन लहान मुलं आणि इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई आहेत, आणि परदेशी व्हिडिओंत दाखवतात तसली 72 तासांची तयार बॅग विकत घ्यावी का, असं तुम्ही विचारलं आहे. बॅग सगळ्यात शेवटी घ्या. आधी विहिरीकडे जा. मी साखळीजवळ राहते, माहेर सत्तरीत. इथे घर अडचणीत येतं ते बहुतेक एकाच क्रमाने. झाड पडतं, तार तुटते, लाईट जाते, लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी, आणि तोवर मोबाईलही बंद पडलेला असतो. ही साखळी पंपापाशी तोडता आली तर निम्मी तयारी झाली.

चार-पाच दिवस हा अंदाज हवेतला नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा राज्यभर विजेचे खांब आणि झाडं आडवी झाली. कित्येक गावांत लाईट यायला काही दिवस गेले. पाणी शुद्ध करून पंपिंग करणाऱ्या केंद्रांनाच वीज नव्हती, म्हणून नळही कोरडे. त्याच वर्षी 23 जुलैला सत्तरी, डिचोली, पेडणे भागात पूर आला. 1982 नंतरचा सर्वात मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत तेव्हा म्हणाले होते. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारजवळ ओपा जलशुद्धीकरण केंद्राच्या जलवाहिन्या फुटल्या आणि भर पावसात पणजीसकट तिसवाडी-फोंड्याच्या लोकांवर टँकरची वाट बघायची पाळी आली. आणि मार्च 2020 मध्ये, जनता कर्फ्यूनंतरचे सुरुवातीचे काही दिवस, गोव्यात किराणा दुकानंसुद्धा बंद होती. चारही वेळा कारण वेगळं होतं, पण घरात लागलं तेच: प्यायचं पाणी, उजेड, शिजवायची सोय, औषध.

आता पाणी. तुमच्या अंगणात विहीर आहे आणि तिच्यावर मोटर आहे, म्हणजे रहाट बहुधा काढून टाकलेला असेल. घरमालकांना सांगून कप्पी परत बसवून घ्या. दोर जाड घ्या, बारीक नायलॉन ओल्या हाताला कापतो. एक कळशी किंवा बादली तिथेच ठेवा आणि मे महिन्यात एकदा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने पाणी ओढून बघा, कारण पावसात शेवाळलेल्या काठावर पहिल्यांदा शिकायला जाणं धोक्याचं आहे. गावात अजून कितीतरी विहिरी भरलेल्या आहेत, पण त्यांतलं पाणी हाताने वर काढायची सोयच राहिलेली नाही, आणि मला ही गोष्ट फार लागते. इतकं पाणी दारात असून लोक टँकरच्या रांगेत उभे राहतात.

प्यायला आणि शिजवायला माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसांचे पाच दिवसांचे 100 लिटर झाले, म्हणजे 20 लिटरचे पाच कॅन. हे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भरून ठेवायचे आणि दर पंधरा दिवसांनी झाडांना घालून नवे भरायचे. छपरावरची टाकी पंपाशिवायही उताराने पाणी देते, म्हणून हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला की सगळ्यात आधी टाकी काठोकाठ भरा. विजेवर चालणारा फिल्टर बंद पडणार, तेव्हा कँडलवाला साधा फिल्टर माळ्यावर असेल तर खाली काढा आणि पाणी उकळून घ्या. चांगली उकळी एक मिनिट आली की पुरे.

संडास आणि धुण्याभांड्यांसाठी विहिरीचीही गरज नाही. एका चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरच्या कौलांवर 20 मिलिमीटर पडला, आणि जुलैत तेवढा सकाळच्या चहापर्यंत पडतो, तर हजार लिटर वाहून जातं. पागोळ्यांखाली पन्हळ लावून एक पिंप ठेवा, त्यावर झाकण किंवा बारीक जाळी घट्ट बसवा. उघडं पिंप म्हणजे डासांची पैदास, आणि डेंग्यू पावसाची वाटच बघत असतो.

विहिरीच्या पाण्याला ब्लीचिंग पावडर लागते, आणि लोक ती मुठीने टाकतात. तसं करू नका. ताज्या पावडरीचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला 2.5 ग्रॅम. विहिरीत पाणी किती हे काढायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला 785 ने गुणायचं. 2 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर सुमारे 9,400 लिटर, म्हणजे 24 ग्रॅम पावडर. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग पाणी वाढवायचं, दहा मिनिटं निवळू द्यायचं, आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडून वरखाली हलवायची. खालचा चुना विहिरीत टाकू नये. एक तास ते पाणी वापरायचं नाही. पण पुराचं गढूळ पाणी विहिरीत शिरलं असेल तर हे प्रमाण पुरत नाही. विहीर उपसून, साफ करून, आरोग्य केंद्रामार्फत पाणी तपासून घेतल्याशिवाय ते पिऊ नका.

उजेडाचं थोडक्यात सांगते. दोन-तीन चार्जिंगचे दिवे, डोक्याला बांधायची एक बॅटरी, दोन पॉवर बँक, आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ. टॉवरची वीज गेली की काही तासांनी नेटवर्कही जातं, तेव्हा आकाशवाणी पणजीवरच्या बातम्या कामी येतात. नेटवर्क कमकुवत असेल तर फोन लागत नाही, पण मेसेज पुष्कळदा जातो. लहान मुलं असताना मेणबत्ती टाळा. जनरेटर आणलात तर दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. तो घरात, पडवीत किंवा खिडकीपाशी चालवायचा नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता माणसं मारतो. आणि तो घरातल्या प्लगमधून सरळ वायरिंगला जोडायचा नाही. तो करंट उलटा तारेवर जातो, आणि पावसात खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेतो. तो माणूस आपल्यासाठीच चढलेला असतो. तुटलेली तार दिसली तर तिच्या आसपासही जाऊ नका, मुलांना आत घ्या, 1912 ला कळवा.

खाण्याची मला काळजी वाटत नाही, कारण गोव्याला हे शिकवावं लागत नाही. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारा. पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे बेगमी, काय असतं ते तुम्हाला टोपल्या-टोपल्यांतून दिसेल: सोलं (आमसुलं), चिंच, खडे मीठ, सुक्या मिरच्या, सुंगटं (सुकी कोळंबी), गालमो (सुका जवळा), खारे बांगडे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिकी मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, म्हणून ही साठवण घराघरांत होत आली. यात उकडे तांदूळ, पोहे, कुळथाचं पीठ, गूळ, शेंगदाणे, मुलांसाठी दुधाची पावडर आणि नाचणीचं सत्त्व घाला. कुळथाची पिठी पंधरा मिनिटांत होते, गॅस कमी लागतो, आणि सोबत भात व भाजलेला सुका बांगडा असला की मुलंही कुरकुर न करता जेवतात. ताजी भाजी बरीचशी बेळगावहून चोर्ला घाटातून येते. दरड कोसळली की दोन दिवसांत बाजार रिकामा होतो, तेव्हा कांदे, बटाटे, सुरण, दुधी असं टिकणारं घरात हवं. भरलेला दुसरा सिलिंडर ठेवा. अंगणात चूल असेल तर करवंट्या, सोडणं (नारळाची सालं) आणि थोडी लाकडं पावसाआधीच कोरडी करून आत घ्या, जूनमध्ये ती सुकत नाहीत. लाईट गेल्यावर फ्रिजचं दार उघडू नका, बंद राहिला तर साधारण चार तास गारवा टिकतो.

सासूबाईंचं मात्र फार जपून करा. इन्सुलिन आणि इतर रोजच्या गोळ्या जूनपासून कायम पंधरा दिवस पुढच्या घरात हव्यात. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली बहुतेक प्रकारांत थंड जागी फ्रिजबाहेर चार आठवड्यांच्या आसपास चालते, पण तुमच्या औषधाच्या वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचा आणि डॉक्टरांना विचारा. न उघडलेल्या बाटल्यांसाठी लाईट गेल्यावर मातीच्या मडक्यात ओलं कापड घालून त्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. साखर मोजायच्या मशीनच्या पट्ट्या आणि सेलही जास्तीचे ठेवा. साखर अचानक उतरली तर चटकन देता येईल असं काहीतरी गोड उशाशी असू द्या. मुलांसाठी ओआरएसची पाकिटं हवीतच. ती संपली तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. यापेक्षा मीठ वाढवू नका.

जुनं घर, चिऱ्यांचा गडगा आणि पाऊस म्हणजे साप जवळ येणारच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही. चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. तो हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस असते, हे आजच विचारून ठेवा. म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठायला किती वेळ लागतो, रस्त्यावर झाड पडलं तर दुसरा रस्ता कोणता, हेही माहीत असू द्या. रुग्णवाहिका 108 आणि बाकी कुठल्याही संकटाला 112.

पुराबद्दल गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: 2021 ला पाणी कुठवर आलं होतं, आणि त्याआधी कधी? ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. आपल्या भागात पाणी फक्त पावसाने वाढत नाही. अंजुणे धरणातून विसर्ग झाला की वाळवंटी नदीकाठी लक्ष ठेवावं लागतं. ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडल्यावर साळ, इब्रामपूर भागात ते घरांत शिरलं होतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला तर नदीचं पाणी लवकर ओसरत नाही. तुमचं घर त्या खुणेच्या खाली असेल तर, आणि तरच, ती बॅग भरून दाराशी ठेवा. विकत घ्यायची गरज नाही, जुनी शाळेची सॅक चालते. आत सासूबाईंची औषधं आणि डॉक्टरांचा कागद, आधार, रेशनकार्ड आणि भाडेकराराच्या प्रती जाड प्लॅस्टिकमध्ये, रोख पैसे (लाईट नसली की एटीएम आणि मोबाईलचे पैसे दोन्ही बंद), मुलांचे कोरडे कपडे, बॅटरी, शिट्टी. निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा. पाण्यातून चालावं लागलं तर उघड्या जखमेने चालू नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका त्यांनी घ्यायला हवी.

पावसाआधी घरमालकांशी दोन कामं बोलून घ्या. कौलं चाळून घ्यायची, आणि वीस-पंचवीस जादा कौलं व एक मोठी ताडपत्री घरात ठेवायची. घरावर झुकलेलं आंब्याचं किंवा माडाचं झाड असेल तर एप्रिलमध्येच अर्ज करायला सांगा, कारण झाड तोडायला 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि त्याला वेळ जातो.

वाड्यावरच्या तीन घरांत तरी जाऊन बसून या. कोणाकडे करवत आहे, कोणाची जीप चिखलातून निघते, कोणाच्या विहिरीवर अजून रहाट आहे, कोण नर्स आहे, हे विचारा. आणि तुमच्या घरात इन्सुलिनवर असलेलं माणूस आहे हे त्यांना सांगून ठेवा. तौक्तेनंतर आमच्या वाड्यावरचा रस्ता शेजाऱ्यांनीच कोयते घेऊन मोकळा केला, सरकारी माणसं नंतर पोचली, कारण त्यांच्यापुढे अख्खा तालुका पडला होता.

तुमच्या विहिरीचा व्यास आणि सध्या पाणी किती खोल आहे ते इथे खाली लिहा, पावडरीचा हिशेब मी करून देते.