विचारा काकूला : एमएच ४० धरायची का नाई?

काकू, दिवाळीत आम्ही नऊ जण एका गाडीत कोंबून दारव्ह्याहून शेगावला गेलो. रस्त्यात नंबर प्लेटचा खेळ, विदर्भाचे अकराही जिल्हे ज्याला आधी दिसतील तो जिंकला. मूर्तिजापूरच्या अलीकडं भाचीला एमएच ४० दिसली, ती नागपूर नागपूर म्हणून ओरडली, तर आमचे हे म्हणे नागपूर म्हणजे ३१, चाळीस बाद. शेगाव येईपर्यंत दोघं बोलले नाहीत, अन् धाकटा मोबाईल पाहता पाहता ओकला ते वेगळंच. तुम्हीच न्याय करा.
— एक वाचक, दारव्हा

अवं बाई, भाची बरोबर आहे, सांग तुझ्या ह्यांना. ४० म्हणजे नागपूर ग्रामीण अन् ४९ म्हणजे पूर्व नागपूर, तुम्ही जिल्हे मोजत होते नं, मग आरटीओ किती का असेना जिल्हा तर एकच. फक्त ३१ आधीच घेतली असेल तर ४० चा दुसरा पॉइंट मागायचा नाही. पण त्यांचं दुःख मला समजते बरं का, कारण २७ अमरावतीपासून ३७ वाशिमपर्यंत ओळीनं अकरा आकडे अन् अकराच्या अकरा आपलेच, ३८ आली की लागली हिंगोली. इतकं गोड जमलेलं असताना मधातच चाळीस घुसली की माणूस चिडतेच.

खरी गडबड तुमच्या रोडची आहे. दारव्हा २९, कारंजा ३७, मूर्तिजापूर-अकोला ३०, शेगाव २८, हे चार तर फुकटात भेटतात, त्याले काहून पूर्ण मार्क? अर्धा द्या. ३३ गडचिरोली नाहीतर ३५ गोंदिया दिसली तर दोन, तिकडची गाडी इकडं येते कुठी! ते बीएचवाली प्लेट असते नं, आधी वर्षाचे दोन आकडे मग बीएच, ती कोणत्याच जिल्ह्याची नाही, ती ज्याला आधी दिसली त्यानं पुढच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजायचा. आमच्या भासऱ्यांनी दोनदा पाजला, तेव्हापासून ते खिडकीजवळ बसतच नाहीत. आणि शेगावच्या पार्किंगमधल्या गाड्या धरायच्या नाहीत, तिथं सगळा महाराष्ट्र उभा असते.

धाकट्याचं म्हणशील तर डोळे मोबाईलवर असले की डोळ्यांना वाटते आपण बसून आहो, अन् कानाच्या आत जे तोल सांभाळते ते म्हणते गाडी हलून रायली, मग पोट ढवळते. त्याला बाहेर पाहायचा खेळ द्या. आकडे वाचता येत नसतील तर किलोमीटरचे दगड, डोकं पिवळं तर नॅशनल हायवे, हिरवं तर राज्य महामार्ग, रंग बदलला की ओरडायचं. ड्रायव्हरच्या कानात नाही.

काकू, गावांच्या भेंड्यांत कोणी यवतमाळ म्हटलं की मी अडकतो, ळ वरून गाव आणू कुठून?
— एक पोट्टा, वरुड

नाही भेटत बाप्पा, मराठीत ळ वरून शब्दच सुरू होत नाही. आमच्याकडं ळ चा ल करतात, मग लोणार आहे, लाखनी आहे, लाखांदूर आहे. पण हे गाडी गावाबाहेर निघायच्या आधीच ठरवून घ्या, नाहीतर पहिली पाळी ज्याची तो यवतमाळ म्हणून मोकळा. कारंजा दोनदा चालते, एक लाड अन् एक घाडगे, भांडायला कोणी आलंच तर दोन वेगळे तालुके आहेत म्हणून सांग. आणि समोरच्याला अडकवायचं असेल तर पुसद कधीच म्हणू नको, दारव्हा, दिग्रस, दर्यापूर, देवळी, देऊळगाव राजा, तो संध्याकाळपर्यंत थांबणार नाही.