पिकअपचं कूलंट आणि कलम ६९

दिंडोरी तालुक्यातून पत्र आलंय. स्वतःची डिझेल पिकअप, स्वतःच चालवतात, पिंपळगाव बसवंतहून वाशीला टोमॅटो. वॉरंटीत असताना दोनदा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी झाल्याची तक्रार केली, दोन्ही वेळा अधिकृत वर्कशॉपने नुसतं भरून दिलं. गेल्याच्या गेल्या वर्षी ११ मार्चला, वॉरंटी संपायला वीसेक दिवस असताना, वाशीहून रिकामी परतताना कसारा घाटात गाडी तापून बंद पडली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलं. २४ मार्चला वर्कशॉपने एस्टिमेटवर शेरा मारला: 'कूलंट कमी असताना गाडी चालवली, वॉरंटी लागू नाही.' शेवटी बाहेरच्या गॅरेजात ७४ हजार घालून काम उरकलं. आता पुन्हा आठवड्याला अर्धा लिटर कूलंट गायब होतंय. कंपनीवर केस होईल का, असं विचारलंय. अशी पत्रं दर महिन्याला येतात, कुणाची पिकअप, कुणाचा ट्रॅक्टर.

केस होईल. पण भाऊ, तुमच्या पत्रावर ५ फेब्रुवारी ही तारीख आहे, आणि बाकी सगळं या तारखेपुढे गौण आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. कारण कधी घडलं? तुम्ही म्हणाल, २४ मार्चला नकार मिळाला तेव्हा. कंपनीचा वकील म्हणेल, गाडी घाटात बसली तेव्हा, ११ मार्चला. वाद जिंकाल की नाही हे मी सांगत बसत नाही. तो उद्भवूच नये म्हणून १० मार्च ही शेवटची तारीख धरा. म्हणजे महिनाभर उरलाय.

एवढे महिने काय केलंत? 'मॅनेजर साहेब बघतो म्हणाले', व्हॉट्सॲपवर निरोप, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तीन फोन. फोन आणि विनंत्या करत राहिल्याने मुदत वाढत नाही, हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली म्हणूनही थांबत नाही. विलंब माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण त्याला पुरेसं कारण लागतं. 'साहेब बघतो म्हणाले' हे ग्राहक आयोगापुढे सांगून बघण्यासारखं कारण नव्हे. आधी वकिलाची नोटीस पाठवायची का, असंही विचारलंयत. कायद्यात ती अट नाही. उगाच पंधरा दिवस घालवू नका.

आता तुमच्या हातात काय आहे ते. दोन जॉबकार्डं, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या कामाच्या नोंदी. दोन्हींवर 'कूलंट कमी, टॉप-अप केले' असं लिहिलंय आणि किलोमीटर आहेत. कंपनी म्हणते, कूलंट नसताना गाडी पळवली म्हणून गॅस्केट गेलं. तुमचं म्हणणं उलट असायला हवं: कूलंट का कमी होतंय ते वॉरंटीत दोनदा सांगूनही शोधलं नाही, म्हणून गॅस्केट गेलं. कुठून गळतंय ते न बघता वरून ओतून देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ती त्यांच्याच अक्षरात आहे. ही दोन कार्डं नसती तर मी तुम्हाला घरी बसायला सांगितलं असतं.

जुनं गॅस्केट भंगारात दिलंत, हे वाचून कपाळावर हात मारला. आता निदान पुन्हा इंजिन खोलायच्या आत तपासणी करून घ्या. मी मिस्त्री नाही, पण नाशिकच्या द्वारका भागातल्या एका जुन्या मेकॅनिकला तुमची लक्षणं वाचून दाखवली: खाली थेंब नाही, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ नाही, सकाळी स्टार्टला पांढरा धूर, तरी गाडी पाणी खाते. तो म्हणाला, नळ्या-क्लिपा बघण्यात वेळ घालवू नका, ईजीआर कूलर बघा. एक्झॉस्टचा धूर इंजिनात परत घेण्याआधी थंड करणारा हा भाग. आत चीर गेली की कूलंट सायलेन्सरवाटे उडून जातं, जमिनीवर डाग पडत नाही. थंड इंजिनावर पंप लावून प्रेशर टेस्ट करायची, काटा उतरतोय का बघायचं, मग कूलर काढून हवेच्या दाबावर पाण्यात बुडवायचा. बुडबुडे आले की तिथेच फोटो आणि लेटरहेडवर सहीचा रिपोर्ट. आणि तो भाग या वेळी भंगारात देऊ नका. गरज पडली तर कलम ३८ खाली आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आजची गळती म्हणजे तेव्हाचीच, असं सिद्ध होईलच असं नाही. मधे बाहेरचा हात लागलाय.

पहिली हरकत येईल ती 'व्यावसायिक वापर' ही, म्हणजे गाडी धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः चालवून पोट भरणारा ट्रकवाला ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात १९९५ मध्येच म्हटलंय, पण 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' हे तक्रारीत स्पष्ट लिहिलेलं हवं. दुसरी गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवला असेल तर मला आधी सांगा, मग चित्र बदलू शकतं.

डीलर आणि कंपनी दोघांना सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. तुम्ही जिल्ह्यात राहता, तेव्हा तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच चालते. गाडीची किंमत नऊ लाख, म्हणून फी २०० रुपये. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, चाचणी लागली तर पाच. हे वाचून हसू नका. सामनेवाल्याने ४५ दिवसांत म्हणणं दिलं नाही तर त्याचा हक्क जातो, एवढं एक काटेकोर पाळलं जातं. बाकी तारखा पडत राहतात, दोन-तीन द्राक्ष हंगाम धरून चला.

आणि ते बोअरचं पाणी. कूलंट महाग म्हणून अधूनमधून साधं पाणी ओतलं, असं तुम्हीच लिहिलंयत. आजपासून बंद. क्षाराचं पाणी रेडिएटरला वाईट, आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारणार आहे. शपथपत्रात ते लपवू नका. किती वेळा, कधी, कुणाच्या सांगण्यावरून ओतलं ते आठवून लिहा. वर्कशॉपच्या माणसानेच 'तोवर पाणी टाका' म्हटलं असेल तर त्याचं नाव आणि तारीखही टाका.