झेंडू कमरेएवढा वाढलाय पण फुलं कुठायत?

या आठवड्यात झेंडूचे बरेच प्रश्न आलेत, वेगवेगळे विचारलेत पण मुळाशी एकच दुखणं आहे. एकाचं झाड कमरेएवढं झालंय, हिरवंगार आहे, फुलं मात्र शेंड्याला दोन-चार. दुसऱ्याने कळ्या चांगल्या फुगल्यावर शेंडा मारला, म्हणजे वरचं टोक खुडलं, आणि आता पस्तावतोय. तिसऱ्याला युरिया किती ते हवंय. सगळ्यांना एकत्रच सांगतो.

पहिल्या दादांचं सोपंय, नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) जास्त झालं आणि शेंडा खुडलाच नाही. झेंडूचा मधला शेंडा चालू असला की तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, तिथे तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि बगलेतले फुटवे झोपून राहतात. त्यात युरिया वरचेवर टाकला की झाड नुसतं पाल्यावर जातं, फूल उशिरा येतं आणि एखादा जोराचा पाऊस-वारा आला की आडवं होतं.

शेंडा कधी मारायचा? लागणीनंतर साधारण 25 ते 30 दिवसांनी, पण खरं सांगायचं तर दिवस मोजू नका, झाड बघा. रोपाने नीट मूळ धरलेलं हवं, पानांच्या सहा-सात जोड्या हव्यात आणि मधली कळी नुकती दिसायला लागलेली किंवा दिसायच्या आतली हवी. अंगठ्याच्या नखाने वरचा 2-3 सेंटीमीटर कोवळा भाग कट्कन तुटला तर वेळ बरोबर आहे, ओढावं लागलं आणि साल सोलत खाली आली तर तुम्हाला उशीर झालाय, मग धारदार कात्री घ्या. पानं ओली असताना, पावसात हे काम नको, जखमेतून रोग शिरतो. रोप मरगळलेलं असेल तर आधी पाणी देऊन चार दिवस थांबा. तोडताना जीवावर येतं मला माहितीये, पहिली कळी हातात आली की माणूस हळहळतो, पण त्या एका कळीच्या जागी खाली सात-आठ फांद्या सुटतात आणि प्रत्येक फांदीला फुलं.

याची किंमत एकच, फुलं आठ-पंधरा दिवस लांबतात. त्यामुळे ज्या तारखेला माल हवाय त्यातून हे दिवस आधीच वजा करून लागण धरा. ज्यांनी कळ्या चांगल्या फुगल्यावर शेंडा मारला त्यांचं नेमकं इथेच चुकलं, झाडाने कळीत घातलेलं सगळं फुकट गेलं आणि वेळही गेली. आता त्यांनी पुन्हा खुडाखुडी करू नये, आहे ते फुलू द्यावं. आणि हे सगळं उंच आफ्रिकन झेंडूसाठी हं, फ्रेंच झेंडू मुळातच बुटका आणि झुडपासारखा पसरणारा, त्याला सहसा गरज पडत नाही.

आता खत. शेणखत चांगलं कुजलेलं एकरी 8-10 टन, मशागतीच्या वेळीच. मातीपरीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणे जा, नसेल तर एकरी 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद (फॉस्फरस), 20 किलो पालाश (पोटॅश) धरून चाला. म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट 125 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 33 किलो लागणीवेळी सगळं, आणि युरिया एकूण 87 किलो पण त्यातला अर्धाच. बरेच जण सुपरऐवजी डीएपी (स्फुरदाबरोबर नत्रही असलेलं खत) टाकतात आणि युरिया तेवढाच ठेवतात, तिथे गडबड होते. 43-44 किलो डीएपीतून जवळपास 8 किलो नत्र आलेलंच असतं, म्हणजे पहिल्या हप्त्यातला 17 किलो युरिया कमी करायला पाहिजे.

उरलेला अर्धा युरिया शेंडा मारल्यावर दोन-चार दिवसांत, वापसा असताना (माती ओलसर पण चिखल नसताना), खोडापासून वीतभर लांब टाकून मातीची भर लावा. फुटवे सुटताना झाडाला नत्राची भूक असते म्हणून ही वेळ, आधी दिला तर तो शेंडाच खातो! भर लावल्याने फांद्यांच्या वजनाने झाड कलंडत नाही हा वरचा फायदा. कळ्या लागल्यावर मात्र नत्राचा हात आखडा, ठिबक असेल तर तेव्हा 13:00:45 सारखं पोटॅशवालं खत थोडं थोडं सोडा.

एकाची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या आहेत, त्यावर युरिया मारू नका, ती लोहाची कमतरता दिसतेय, चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचंच. चिलेटेड फेरसची फवारणी करा, प्रमाण पाकिटावर असतं.

ज्यांना अजून शेंडा मारायची भीती वाटतेय त्यांनी एक सरी न खुडता ठेवावी, खत-पाणी तेच, आणि दोन्हीकडची फुलं प्रत्येक तोड्याला वेगळी तोलून वहीत लिहावीत. तोडा मात्र वेळेवर करा, फूल पूर्ण उमललं की देठासकट काढा, झाडावर सुकू दिलं की ते बी भरायला लागतं आणि मागची कळी बारीक राहते.