दुपारी जरा पडलं की उठल्यावर डोकं जड होतं. वामकुक्षी नेमकी कशी घ्यायची?

डोकं जड होतं ते बहुधा जास्त वेळ झोपल्यामुळे. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की गाढ झोप लागू लागते, आणि त्यातून मध्येच उठलं की मेंदू पुरता जागा व्हायला अर्धा तासही जातो. म्हणून गजर २० मिनिटांचा लावा, आणि मोबाईल हाताला लागणार नाही असा लांब ठेवा. पाच मिनिटं वाढवून घ्यायचा मोह तिथेच घात करतो.

वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर निजलं की जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं, त्यामुळे आंबट पाणी वर कमी येतं. उजव्या कुशीवर नेमकं उलटं होतं. जेवून उठल्या उठल्या आडवं होऊ नका; आधी शतपावली, मग डोक्याखाली जरा उंच उशी. पोटाला तडस लागेपर्यंत जेवलात तर हे सगळं फुकट.

वेळ १ ते ३ मधली. तेव्हा शरीर आपसूक मंदावतं, जेवला नसलात तरी. चारनंतर झोपलात तर रात्री कूस बदलत बसाल.

झोप लागलीच पाहिजे असं अजिबात नाही. डोळे मिटून, जबडा सैल सोडून नुसतं पडून राहिलं तरी आराम मिळतो. ऑफिसात असाल तर खुर्चीत मागे टेकून, पाय जमिनीला टेकवून १० मिनिटं बसा.

रात्री मुळातच झोप लागत नसेल, तर मात्र दुपारची वामकुक्षी आधी बंद करा.