ऑब्जेक्ट सी++ चा, रॅपर पायथनचा. मग मालकी कोणाची?

प्रश्न : सी++ लायब्ररी पायबाइंड११ ने (सी++ चा कोड पायथनमधून वापरू देणारं साधन) पायथनला जोडली आहे. एक फंक्शन कॉन्फिगरेशनच्या ऑब्जेक्टचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करतं. प्रोग्रॅम नीट चालतो, पण बंद होताना क्रॅश होतो.

उत्तर : तो ऑब्जेक्ट बहुधा दोनदा डिलीट होतो आहे. फंक्शन साधा पॉइंटर परत करत असेल आणि तुम्ही काहीच सांगितलं नसेल, तर पायबाइंड११ 'टेक ओनरशिप' हे धोरण धरून चालतं, म्हणजे मालकी रॅपरकडे, सी++ च्या ऑब्जेक्टभोवतीच्या पायथनच्या वेष्टनाकडे, जाते. रॅपर जाताना सी++ चा ऑब्जेक्टही डिलीट करतो आणि लायब्ररी आपला ऑब्जेक्ट पुन्हा डिलीट करते. ऑब्जेक्ट शेवटपर्यंत जगणारा असेल तर 'रेफरन्स' हे धोरण लावा, म्हणजे रॅपर मालकी घेत नाही. तो दुसऱ्या ऑब्जेक्टच्या आतला भाग असेल तर 'रेफरन्स इंटर्नल'. मग आतल्या भागाचा रॅपर असेपर्यंत बाहेरचा ऑब्जेक्टही टिकतो. 'कॉपी' लावून वेळ मारून नेऊ नका. क्रॅश थांबेल, पण पायथनमधले बदल मूळ ऑब्जेक्टपर्यंत पोचणार नाहीत, आणि ती चूक शोधणं क्रॅशपेक्षा कठीण.

प्रश्न : पायथनमधून सी++ च्या व्हेक्टरमध्ये (यादीत) अपेंड करतो, पण सी++ मध्ये काहीच दिसत नाही.

उत्तर : तुमच्या हातात व्हेक्टर नाही, त्याची प्रत आहे. पायबाइंड११ ची एसटीएल (सी++ ची प्रमाणित लायब्ररी) हेडर फाइल दर वेळी नवी पायथन लिस्ट बनवते. तो प्रकार 'ओपेक' (आपोआप रूपांतर न होणारा) जाहीर करा आणि 'बाइंड व्हेक्टर' वापरा.

प्रश्न : सी++ च्या बेस क्लासवरून पायथनमध्ये क्लास लिहिला. त्याचा ऑब्जेक्ट शेअर्ड पॉइंटरने (सामायिक मालकीचा पॉइंटर) सी++ च्या रजिस्ट्रीत (नोंदवलेल्या ऑब्जेक्टच्या यादीत) टाकला. थोड्या वेळाने 'प्युअर व्हर्च्युअल फंक्शन' अशी एरर येते.

उत्तर : इथे भलेभले अडकतात. अशा ऑब्जेक्टचे दोन भाग असतात: सी++ चा ट्रॅम्पोलीन (सी++ चा कॉल पायथनच्या मेथडकडे पाठवणारा क्लास) आणि पायथनचा भाग, ज्यात तुमच्या मेथड्स आहेत. शेअर्ड पॉइंटर पहिल्यालाच धरून ठेवतो. पायथनमधला शेवटचा संदर्भ सुटला की दुसरा भाग नाहीसा होतो. मग सी++ मेथड बोलावतं तेव्हा ओव्हरराइड (पायथनमधली तुमची मेथड) सापडत नाही. पायबाइंड११ च्या ३.० आवृत्तीत (२०२५) यासाठी 'स्मार्ट होल्डर' (ऑब्जेक्ट धरून ठेवण्याचा नवा प्रकार) आला आहे. जमेल तर तोच घ्या. युनिक पॉइंटरने (एकच मालक असलेला पॉइंटर) मालकी सी++ कडे द्यायची असेल तर ट्रॅम्पोलीनला 'सेल्फ लाइफ सपोर्ट'चा बेस क्लासही लागतो. जुन्या आवृत्तीत 'कीप अलाइव्ह' लावून रजिस्ट्रीच्या रॅपरला तुमचा ऑब्जेक्ट धरून ठेवायला सांगता येतं. मात्र तोच ऑब्जेक्ट उलट रजिस्ट्रीला धरून बसला, तर चक्र तयार होतं. सी++ मधून जाणारी ती कडी पायथनच्या गार्बेज कलेक्टरला (नको असलेले ऑब्जेक्ट गोळा करणारा) दिसत नाही आणि दोघंही कधीच मोकळे होत नाहीत. तेव्हा एका दिशेचा संदर्भ तरी कमकुवत, म्हणजे 'वीकरेफ' ठेवा.

प्रश्न : जावाच्या रॅपरमागे सी++ च्या मोठ्या प्रतिमा आहेत. हीप (जावाच्या ऑब्जेक्टची मेमरी) जवळपास रिकामा, तरी मेमरी वाढतच जाते.

उत्तर : जावाच्या गार्बेज कलेक्टरला दिसतो तो फक्त रॅपर: पॉइंटर साठवलेला एक लाँग (पूर्णांक), मोजके बाइट्स. त्यामागचे मेगाबाइट्स त्याच्या हिशेबातच नाहीत, म्हणून त्याला घाई नसते. फायनलाइझ (ऑब्जेक्ट गोळा होताना चालणारी मेथड) जावा ९ पासून डेप्रिकेटेड (वापरू नये असं जाहीर) आहे, त्यावर विसंबू नका. रॅपरला ऑटोक्लोजेबल करा, ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (ब्लॉक संपताच आपोआप क्लोज करणारी रचना) वापरा, आणि कोणी क्लोज करायला विसरलाच तर म्हणून क्लीनर (रॅपर नाहीसा झाल्यावर साफसफाई करणारा) जोडा. क्लीनरला दिलेल्या लॅम्ब्डात (निनावी फंक्शनमध्ये) फक्त तो लाँग न्या. चुकून 'धिस', म्हणजे रॅपर स्वतःच, गेलं, तर रॅपर कधीच गोळा होणार नाही.