हौशी रेडिओ: वाढलेले वॉट आणि वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये हौशी रेडिओच्या परवान्याच्या अटी फेब्रुवारी २०२४ पासून बदलल्या. निर्णय ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला होता. परवान्याचे चढते तीन दर्जे आहेत. फाउंडेशन परवान्याची कमाल प्रक्षेपण शक्ती १० वॉटवरून २५ वर गेली, इंटरमीडिएटची ५० वरून १०० वर आणि फुल परवान्याची ४०० वरून १००० वर. तिकडे राहणाऱ्या मराठी हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचे आणि इथल्या काही वाचकांचे प्रश्न आले आहेत. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे फुल परवाना आहे. आता सगळ्याच बँडवर (वारंवारितेच्या पट्ट्यांवर) १००० वॉट वापरता येतील का? आणि ४०० वॉटच्या तुलनेत समोरच्याला किती फरक जाणवेल? (मँचेस्टर)

सगळ्या बँडवर नाही. हा वाढीव आकडा हौशी सेवेचा हक्क जिथे प्राथमिक आहे अशा बँडसाठी आहे. २० मीटर, १५ मीटर, १० मीटर, २ मीटर ही त्यातली नेहमीची नावे (लाटेच्या लांबीवरून पडलेली). जिथे आपला हक्क दुय्यम आहे तिथे दुसरी सेवा आपल्याआधी येते. आपण तिला त्रास द्यायचा नाही, आणि तिचा त्रास झाला तर तक्रारही करायची नाही. ७० सेंटीमीटर बँड तसाच आहे, तिथे पहिला मान संरक्षण खात्याचा. म्हणून परवान्याच्या शेवटी जोडलेला बँडचा तक्ता छापून रेडिओजवळ लावा आणि बँड बदलला की त्या ओळीतला आकडा बघा. ‘फुल म्हणजे हजार’ असे पाठ करून बसलात तर चूक होणार.

आता फरकाचे. ४०० चे १००० म्हणजे अडीच पट, म्हणजे ४ डेसिबल (शक्तीच्या पटीचे माप). एस-मीटरवर (आलेल्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावर) एक घर ६ डेसिबलचे असते. म्हणजे समोरच्याचा काटा एक घरही पूर्ण हलत नाही, पाऊण घरापेक्षा थोडा कमीच हलतो. १० चे २५ झाले तेही तेवढेच ४ डेसिबल, आणि ५० चे १०० म्हणजे फक्त ३. आवाज गोंगाटात बुडायच्या बेतात असेल तेव्हा या ४ डेसिबलचे मोल मोठे आहे, एरवी नाही. त्याच पैशात अँटेना उंच नेता येत असेल तर आधी ती न्या. उंच अँटेना ऐकायलाही मदत करते, ॲम्प्लिफायर ती करत नाही.

प्रश्न : फाउंडेशनची मर्यादा २५ वॉट झाल्यावर २ मीटरवर २५ वॉटने बोलतो, पण दूरचा रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे केंद्र) पूर्वीसारखाच अर्धवट उघडतो. गच्चीवरच्या अँटेनापर्यंत आरजी-५८ केबल आहे, सुमारे २० मीटर. (लेस्टर)

तुमचे वाढलेले वॉट केबलनेच खाल्ले. १४४ मेगाहर्ट्‌झला आरजी-५८ मध्ये १०० मीटरला साधारण २० डेसिबलचा घाटा होतो, म्हणजे तुमच्या २० मीटरमध्ये ४. रेडिओतून २५ वॉट निघाले तरी अँटेनापाशी १० च पोचतात. तीच २० मीटर जाड आरजी-२१३ केबल लावली तर घाटा १.७ ते १.८ डेसिबल आणि अँटेनापाशी १६ ते १७ वॉट. शिवाय रिपीटरकडून येणारा सिग्नलही सध्या तेवढाच मार खातो आहे, तोही सुधारेल.

केबल बदलण्याआधी बाहेरचा जोड उघडून बघा. पीएल-२५९ प्लगच्या टोकाशी केबलच्या तारांची वेणी काळी किंवा हिरवट पडली असेल तर पाणी आत गेले आहे, आणि मग वरच्या आकड्यांपेक्षा घाटा कितीतरी जास्त असणार. पाणी पोचले तिथवर केबल कापून टाकायची, वाळवून उपयोग होत नाही. नवा जोड आपसात चिकटणाऱ्या रबरी टेपने ताणून गुंडाळा, त्यावर साधी विजेची टेप, आणि केबल खाली झोळ देऊन मग घरात घ्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते.

प्रश्न : इंटरमीडिएटला १०० वॉट मिळाले, पण एसएसबीवर (आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीवर) बोलताना माझ्या पॉवरमीटरचा काटा ३० ते ४० च दाखवतो. माइक गेन (माइकच्या आवाजाची वाढ) वाढवला तर काटा चढतो, पण लोक ‘पसरतोयस’ म्हणतात. (स्लाव)

लोक बरोबर आहेत. मर्यादा पीईपीची आहे, म्हणजे आवाजाच्या सर्वोच्च क्षणीची शक्ती. साधा काट्याचा मीटर सरासरी दाखवतो. बोलण्याची सरासरी शिखराच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे ३० ते ४० दिसणे हेच ठीक आहे. काटा १०० वर आणायच्या नादात गेन वाढवला की शिखरे कापली जातात, आणि कापलेली शिखरे शेजारच्या वारंवारितेवर फराटा होऊन पसरतात.

पॉवर अशी लावा. अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) जोडा. सीडब्ल्यू (मोर्सचा) मोड घेऊन मोर्सची की दाबा. अखंड कॅरिअरमध्ये (आवाज न चढवलेल्या लाटेत) सरासरी आणि पीईपी एकच असतात, त्यामुळे साधा मीटरही खरे बोलतो. पॉवरची घुंडी १०० वर येईपर्यंत फिरवा, तीन-चार सेकंदांत की सोडा, लोड थंड होऊ द्या. नंतर एसएसबी घ्या आणि नेहमीच्या आवाजात बोलताना एएलसीचा (शक्ती आपोआप आवरणाऱ्या मंडलाचा) काटा त्याच्या पट्ट्यातच राहील इतकाच गेन ठेवा. ऑसिलोस्कोप असेल तर १०:१ प्रोबने डमी लोडवर बघा: २५ वॉटला शिखरापासून शिखरापर्यंत १०० व्होल्ट, १०० वॉटला २०० व्होल्ट. बोलताना लाटेचे माथे सपाट दिसले की गेन जास्त झाला.

प्रश्न : १०० वॉटवर नेले की रेडिओचा दिवा मंद होतो आणि आवाज थरथरतो असे सांगतात. ५० वर काही त्रास नव्हता. (रेडिंग)

वीज कमी पडते आहे. १०० वॉटच्या ट्रान्सीव्हरला (पाठवणाऱ्या-घेणाऱ्या रेडिओला) १३.८ व्होल्टला २० ते २३ अँपिअर लागतात. सप्लाय ३० अँपिअरचा असला तरी मधली तार बारीक असेल तर तिथेच व्होल्टेज जाते. तीन मीटर लांबीची १.५ चौरस मिलिमीटरची जोडी घेतली तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे, ०.०७ ओहम. २० अँपिअरला १.४ व्होल्ट तारेतच गेले. त्यात फ्यूजधारकाचे ढिले, काळे पडलेले जोड धरा, की रेडिओपाशी १२ च्या खाली येते. बहुतेक रेडिओ १३.८ च्या १५ टक्के खालीपर्यंत, म्हणजे ११.७ पर्यंतच, धड चालतात. ६ चौरस मिलिमीटरची तार घातलीत तर तीच गळती ०.३५ व्होल्टवर येते.

मल्टिमीटर सप्लायच्या टोकांना न लावता रेडिओच्या मागच्या प्लगला लावा आणि डमी लोडवर की दाबून वाचा. मग सप्लायच्या टोकांना वाचा. दोन्हींतला फरक तारेचा आणि जोडांचा. सप्लायच्या टोकांनाच व्होल्टेज पडत असेल तर दोष सप्लायचा. फ्यूजधारक हाताला गरम लागला तर तो बदलूनच टाका.

प्रश्न : शक्ती वाढली की शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेचा हिशोब करावा लागतो असे ऐकले. तो कसा करतात? आमची बाग जेमतेम १० मीटरची आहे. (लंडन)

करावा लागतो, आणि हे बंधन परवान्यातच आहे. १० वॉट ईआयआरपीच्या वर गेलात की ज्या जागी इतर लोक असू शकतात तिथे इक्निर्पची (अशा लहरींपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची) सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा पाळली जाते हे तुम्हाला दाखवता आले पाहिजे. ईआयआरपी म्हणजे अँटेनाचा गेन (एका दिशेला शक्ती एकवटणे) धरून त्या दिशेला जाणारी शक्ती. साध्या डायपोललाही (मधून जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनालाही) १.६४ पट गेन आहे, तेव्हा २५ वॉटचे ४१ होतात. फाउंडेशनवाल्यांनीही हे लक्षात घ्यावे.

उदाहरण २० मीटर बँडवर, डायपोलला १००० वॉट. ईआयआरपी १६४० वॉट. एसएसबीची सरासरी शिखराच्या २० टक्के धरू, आणि सहा मिनिटांत निम्मा वेळ बोलणे, निम्मा ऐकणे. १६४० गुणिले ०.२ गुणिले ०.५, म्हणजे १६४ वॉट. याला ३० ने गुणून वर्गमूळ काढा, ७० येते. इक्निर्पच्या १९९८ च्या तक्त्यातली २८ व्होल्ट प्रति मीटर ही मर्यादा घेऊन भागा: २.५ मीटर. जमिनीवरून परतणारी लाट धरून १.६ ने गुणा: ४ मीटर. अँटेनाच्या तारेपासून सर्व बाजूंना इतके अंतर मोकळे हवे.

आता तीच अँटेना, तेच १००० वॉट, पण एफटी-८ (संगणकाने छोटे संदेश पाठवायची पद्धत). इथे प्रक्षेपण चालू असते तेव्हा पूर्ण शक्तीने असते, फक्त वेळ निम्मा. सरासरी ८२० वॉट आणि अंतर ९ मीटर. तुमच्या १० मीटरच्या बागेत डायपोलचे टोक कुंपणाला बांधलेले असेल तर शेजाऱ्याची बाग आणि कदाचित त्याची वरच्या मजल्याची खिडकी या ९ मीटरांत येणार. एफटी-८ ला इतकी शक्ती लागतही नाही. ५० वॉटवर हेच अंतर २ मीटर होते. लांबलचक बोलणारे असाल तर निम्म्या वेळाचा गुणक धरू नका, १ धरा.

अँटेनाच्या अगदी जवळ हे सूत्र काटेकोर राहत नाही. २० मीटर बँडवर साधारण ३.३ मीटरच्या आतले उत्तर आले तर ते अंदाज समजा आणि जास्तीचे अंतर सोडा. ऑफकॉमची गणनपत्रिका मोफत आहे, तिच्यात आकडे भरून बँडगणिक एक कागद छापून फाइलला लावा. तपासणीला कोणी आले तर हा कागद दाखवायचा असतो.

प्रश्न : ॲम्प्लिफायर घेतला आहे. ६०० वॉटपर्यंत ठीक, पुढे गेलो की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परतते त्याचे माप) अचानक चढून तो बंद पडतो. कधी नुसते बोलायला सुरुवात केली तरी बंद पडतो. (बर्मिंगहॅम)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात काहीतरी व्होल्टेजने किंवा उष्णतेने कोलमडते आहे. १००० वॉटला ५० ओहमवर शिखर व्होल्टेज ३१६ असते, एसडब्ल्यूआर ३ असेल तिथे सुमारे ५५० पर्यंत जाते. १०० वॉटसाठी बनवलेला बलून (केबल आणि अँटेना यांमधला ट्रान्सफॉर्मर), अँटेनातल्या ट्रॅपचे कपॅसिटर, जुळवणी करणाऱ्या ट्यूनरची कमी अंतराची पाती इथे ठिणगी टाकतात. तीन-चार मिनिटे चालवून बंद करा, मुख्य प्लग काढा आणि बलूनला हात लावून बघा. चटका बसला तर आतले फेराइट (चुंबकी गाभा) तापते आहे, आणि तापलेले फेराइट आपला गुण सोडते. लगेच चढणारा एसडब्ल्यूआर मात्र ठिणगीचा. अंधारात दुसऱ्या माणसाला लांबून ट्यूनरकडे बघायला सांगा, निळसर ठिणगी दिसते.

दुसरे दुखणे रेडिओचे आहे. काही १०० वॉटचे रेडिओ पॉवर ३० वर आणली तरी पहिल्या अक्षराला क्षणभर पूर्ण १०० चा झटका देतात, कारण एएलसीला सावरायला वेळ लागतो. ॲम्प्लिफायर त्या झटक्याने स्वतःला बंद करून घेतो, आणि ते त्याचे भलेच आहे. त्यातला एलडीमॉस ट्रान्झिस्टर अशा झटक्याने एका क्षणात मरतो. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ३ किंवा ६ डेसिबलचा पुरेशा वॉटेजचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) घाला.

विजेचे बघायला विसरू नका. १००० वॉट बाहेर काढायला भिंतीतून सुमारे १९०० वॉट लागतात, २३० व्होल्टला ८ अँपिअरच्या वर. तिथला १३ अँपिअरचा प्लग हे पेलतो, पण त्याच एक्स्टेंशनवर खोलीतला हीटर नको.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. तिला माइकवर बोलू देता येईल का? कॉलसाइनचे (स्टेशनच्या ओळख-नावाचे) नियमही बदललेत म्हणे. (मिल्टन कीन्स)

येईल. तुम्ही परवानाधारक शेजारी बसून लक्ष ठेवत असाल तर परवाना नसलेल्या व्यक्तीलाही तुमच्या स्टेशनवरून बोलू देता येते. कॉलसाइन तुमचीच वापरायची. तिला स्वतःचा परवाना हवा असेल तर वयाची अट नाही. फाउंडेशनला २६ प्रश्न, एक तास, उत्तीर्ण व्हायला १९ बरोबर. परीक्षा आरएसजीबी ही तिथली हौशी रेडिओ संस्था घेते, घरून ऑनलाइनही देता येते. मोर्सची सक्ती ब्रिटनने २००३ मध्येच काढली.

कॉलसाइनचे म्हणाल तर स्कॉटलंड, वेल्स वगैरे भागांसाठीचे जादा अक्षर आता बहुतेक कॉलसाइनमध्ये ऐच्छिक आहे, आणि घराबाहेरून किंवा गाडीतून बोलताना ‘स्ट्रोक पी’, ‘स्ट्रोक एम’ लावणेही. नव्या इंटरमीडिएट परवान्यांना एम ८ आणि एम ९ ने सुरू होणाऱ्या कॉलसाइन मिळतात. परवाना मोफत आहे, पण दर पाच वर्षांनी ऑफकॉमच्या संकेतस्थळावर जाऊन तपशील कायम करावे लागतात. तारीख कॅलेंडरात नोंदवून ठेवा.

प्रश्न : गणपतीला पुण्याला येताना माझा छोटा ट्रान्सीव्हर आणला तर ब्रिटिश परवान्यावर बोलता येईल ना? (लंडन)

नाही. ब्रिटिश फुल परवाना सीईपीटी या युरोपीय संघटनेच्या व्यवस्थेत सहभागी देशांत तात्पुरता चालतो, भारत त्यात नाही. भारतात परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन दर्जे आहेत, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा असतो. ब्रिटनमध्ये वाढलेल्या वॉटचा इथल्या मर्यादांशी काही संबंध नाही. प्रक्षेपक नुसता बाळगायलाही इथे परवानगी लागते, त्यामुळे कागद हातात नसताना तो बॅगेत टाकू नका, विमानतळावर अडकेल. पुण्यात एखादा परवानाधारक हॅम ओळखीचा असेल तर त्याच्या स्टेशनवर जाऊन बसा. २० मीटरवर युरोप ऐकू येतो तेव्हा तुमचे लंडनचे मित्र तिथून कसे ऐकू येतात ते कळेल.